शिडीवरचे निकुरेभाऊ

निकुरेभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते खालून. आधी भेगाळलेल्या टाचा दिसल्या, मग पायजमा, मग त्या पायजम्याच्या दोन गुडघ्यांमध्ये घट्ट दाबून धरलेलं एक जाड पुस्तक. दुसरं पुस्तक बगलेत, तिसरं उजव्या हातात. आणि चौथं उघडून नाकाला टेकेल इतकं जवळ धरून हा माणूस शिडीच्या टोकावर, कशाचाही आधार न घेता, उभ्याउभ्या वाचत होता.

"नमस्कार, मला सभासद व्हायचंय," मी म्हणाले.

उत्तर नाही. मी पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं म्हणाले, तेव्हा वरून आवाज आला, "पान संपू द्या, बाई."

मी थांबले. पान संपलं. त्यांनी ते उलटलं आणि पुढचं सुरू केलं. मला हसू फुटलं, तेव्हा कुठे त्यांनी मान वळवून खाली बघितलं. "दोन पानं थांबा म्हणलं असतं तर तुमी निघून गेल्या असत्या," ते म्हणाले, "म्हून एकच सांगितलं."

भामरागडच्या दवाखान्यात माझी नर्स म्हणून नेमणूक होऊन तेव्हा आठवडाच झाला होता. मी राजुऱ्याची. आमच्याकडे सकाळी दोरीवर टाकलेला पांढरा कपडा संध्याकाळपर्यंत कोळशाच्या धुळीनं करडा होतो. इथे पांढरा कपडा पांढराच राहायचा, पण त्याच्याकडे बघायला माणूस नव्हतं. ड्यूटी संपली की वेळ अंगावर यायचा. कुणीतरी सांगितलं, बाजाराच्या मागं वाचनालय आहे, जा तिथं. पण एक पुस्तक घरी नेऊन दाखवशील तर खरी.

ते खरंच होतं. दारावरच भाऊंच्या वळणदार अक्षरात पाटी होती : 'पुस्तक घरी मिळणार नाही. विचारू नये.'

चंद्रपूरच्या एका छोट्या संस्थेनं कधीकाळी काढलेलं हे वाचनालय म्हणजे टिनाच्या छपराची एक लांबट खोली, वर लाकडी माळा, आणि हजारावर पुस्तकं. भाऊ ब्रह्मपुरीकडच्या धानपट्ट्यातले. शिक्षक म्हणून इकडे आले, तीस वर्षं जंगलातल्या शाळांत काढली, आणि निवृत्त झाल्यावर सगळे गावाकडे परततात तसे न परतता इथेच राहिले. संस्थेनं किल्ली दिली होती, पुस्तकं भाऊंनी आणली होती. कुठे वाचनालय बंद पडलं, कुठे म्हाताऱ्या वकिलाच्या मागं घर विकायला निघालं, की भाऊ एसटीनं निघायचे आणि पोती घेऊन यायचे. कंडक्टर विचारायचा, पोत्यात काय? भाऊ म्हणायचे, तांदूळ. "खोटं नाई बोललो जी. माझ्या घरी हेच शिजते."

पुस्तकाला हात लावायच्या आधी हात धुवायचे, हा त्यांचा नियम. दाराशीच घागर आणि पंचा असे. वाळवी, जिला इकडे उदई म्हणतात, ती लागू नये म्हणून कपाटात पुस्तकांच्या मधून कडुलिंबाचा वाळका पाला. खुणेसाठी एसटीची जुनी तिकिटं. कुणी पान दुमडलेलं दिसलं तर ते रागवत नसत, त्या माणसासमोर ते पान इतक्या हळुवारपणे, नखानं चेपून चेपून सरळ करत की रागावणं परवडलं असतं. स्वतः कायम उभ्यानं वाचायचे. म्हणायचे, "झोपून वाचलं का सपन येते, बसून वाचलं का झोप येते. उभं राह्यलं का मंग पुस्तक येते."

पाटीवरून मी एकदा त्यांना टोकलं. "भाऊ, हे वाचनालय आहे की जेल?"

"तुमच्या दवाखान्यातली खाट तुमी पेशंटले घरी नेऊ देता का?"

"खाट आणि पुस्तक सारखं नसतं."

"बरोबर. खाट ओली झाली तर वाळते."

मीही तिथेच बाकावर बसून वाचू लागले.

त्या बाकाच्या समोरच्या भिंतीवर एक चित्र होतं. कोणत्या तरी छापखान्याच्या कॅलेंडरचं पान. तारखांचा भाग कापून भाऊंनी ते पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं. खाली बारीक अक्षरात एवढंच उरलं होतं की चित्रकार जर्मनीचा आणि चित्र एकोणिसाव्या शतकातलं. छतापर्यंत गेलेली पुस्तकांची कपाटं, उंच शिडी, आणि शिडीच्या टोकावर काळ्या कोटातला एक पांढऱ्या केसांचा म्हातारा. एक पुस्तक बगलेत, एक गुडघ्यांत, एक हातात, आणि एक उघडं, नाकाशी. कोटाच्या खिशातून रुमाल लोंबतोय, त्याचं त्याला भान नाही. वरून कुठून तरी उजेडाचा पट्टा त्याच्यावर पडलाय. खाली कोपऱ्यात, अंधारात, पृथ्वीचा गोल.

मी चित्राकडे बघितलं, मग शिडीकडे बघितलं. "भाऊ, हे तुम्ही मुद्दाम करता का?"

"काय?"

"असं उभं राहणं. त्याच्यासारखं."

ते खरंच गोंधळले. कॅलेंडर त्यांना दहाएक वर्षांपूर्वी मिळालं होतं, आणि शिडीवर ते त्याच्या कितीतरी आधीपासून असेच उभे राहत होते. सारखेपणा त्यांच्या लक्षातच आला नव्हता. तो आला होता त्यांच्या बायकोच्या, ताराबाईंच्या. त्या डबा घेऊन दुपारी यायच्या आणि चित्रासमोर क्षणभर थांबायच्या. "बिचाऱ्याचा रुमाल आता पडते का मंग पडते," त्या मला म्हणाल्या. "त्याची बायको कुठी गेली कोणास ठाऊक. चष्मा बी पुसून देल्ला नाई तिनं."

संस्थेचे चिटणीस वर्षातून एकदा तपासणीला यायचे. उंच, सफारीतले, बोलायला मोकळे गृहस्थ. त्या वर्षी मी तिथंच होते. त्यांनी ते चित्र बघितलं आणि खो खो हसले. "निकुरे, हे चित्र कशाचं आहे माहीत आहे का तुम्हाला? थट्टेचं आहे हे. चित्रकारानं चिडवलंय या म्हाताऱ्याला. बघा, सगळं जग खाली कोपऱ्यात पडलंय आणि हे महाशय वर, पुस्तकात. काय चाललंय बाहेर, पत्ता नाही! आणि तुम्ही हे भिंतीवर लावलंय!"

बाकावरचे दोन-तीन वाचकही हसले. भाऊ हसले नाहीत. पंच्यानं हात पुसत चित्राजवळ गेले आणि जणू आजच आणलंय असं त्याच्याकडे बघत राहिले.

"त्याचे दोनी हात गुंतले हायेत, साहेब," ते शेवटी म्हणाले. "गुडघे बी. त्याले उतरता येत नाई. खाली कोणी तरी उभं पायजे, एक एक पुस्तक हातात घ्याले. चित्र काढणाऱ्यानं तो माणूसच काढला नाई."

साहेब पुन्हा हसले आणि चहा प्यायला गेले. मला मात्र वाटलं, भाऊंना ती थट्टा लागली. त्या दिवशी ते शिडीवर चढले नाहीत.

पण पाटी तशीच राहिली. मासीबाईचा प्रसंग त्यानंतरचा आहे.

मासीबाई बाजारापासून दोनेक मैलांवर, टेकडीवरच्या टोल्यात, म्हणजे पाड्यावर, राहायची. माडिया आदिवासी बाई, चाळिशीच्या पुढची, उभी चण, आठवडी बाजारात बांबूच्या टोपल्या आणि चारोळी घेऊन बसायची. मराठी मोजकी बोलायची, पण अडायची नाही. सगळ्यांनाच, अगदी आमच्या डॉक्टरांनाही, 'तू' म्हणायची. एका बुधवारी ती वाचनालयाच्या दारात येऊन उभी राहिली. भाऊंनी घागरीकडे बोट दाखवलं. तिनं नीट हात धुतले, पुसले आणि म्हणाली, "एक पुस्तक दे."

"कोणतं?"

"मले वाचता नाई येत. सून नववी शिकली. रुखी. तिले पायजे."

"मंग तिले पाठव. इथी बसून वाचू दे."

"तिचं लेकरू दोन महिन्याचं हाये. कशी येईल?"

"मंग लेकरू मोठं झालं का येईन. पुस्तकं कुठी जात नाईत." भाऊंचा आवाज कोरडाच होता. "घरी नेता येत नाई, बाई. ओलं होते, उदई लागते, धूर लागते. मी मेलो तरी हे राह्यलं पायजे ना."

मासीबाईनं खोलीभर नजर फिरवली. भिंतीवरच्या म्हाताऱ्यावर ती थोडी रेंगाळली. मग टोपल्या उचलून गेली. मी भाऊंवर चिडले होते. दवाखान्यात त्याच रुखीचं बाळंतपण मी केलं होतं. वेणा सोसताना ती भिंतीवरची लसीकरणाची सूचना पुन्हा पुन्हा वाचत होती, मोठ्यानं. तिथं वाचायला दुसरं काही नव्हतं. मी हे भाऊंना सांगितलं. त्यांनी ऐकलं. "वाईट वाटते," ते म्हणाले. पण पुस्तक दिलं नाही.

भामरागडला पूर नवा नाही. तीन नद्यांचं पाणी तिथं एकत्र येतं. पर्लकोटा नदीचा पूल दर पावसाळ्यात बुडतो, रस्ता तुटतो, बाजारात पाणी शिरतं. दुकानदार सामान वर चढवतात, पाणी उतरलं की खाली काढतात. भाऊही चढवायचे. खालच्या दोन फळ्या रिकाम्या करून पुस्तकं माळ्यावर. त्यांचा हिशेब असा की पाणी आजवर दुसऱ्या फळीच्या वर आलेलं नाही.

त्या ऑगस्टमध्ये ते आलं.

सकाळी नऊच्या सुमारास दवाखान्यात खबर आली की बाजार रिकामा करताहेत. आम्ही औषधांच्या पेट्या घेऊन शाळेच्या उंच ओट्यावर गेलो. तिथून बघितलं तर बाजाराची रांग तपकिरी पाण्यात उभी. लोक दोर धरून, पोरं खांद्यावर घेऊन वर येत होते. टेकडीवरच्या टोल्यांतली माणसं बांबू, दोर घेऊन खाली उतरली होती. त्या सगळ्यांत ताराबाई दिसल्या, चिखलानं माखलेल्या, हातात रिकामा डबा. "ते आत हायेत," त्या मला म्हणाल्या. रडत नव्हत्या. "मी हात धरून ओढलं, सिस्टर. माझा हात सोडवला त्यायनं."

मासीबाई शेजारीच दोर गुंडाळत होती. तिनं ऐकलं आणि तशीच पाण्यात उतरली. तिच्या मागं टोल्यातले सात-आठ जण. मी दोराला धरून त्यांच्या मागं, जमेल तिथपर्यंत गेले. वाचनालयाच्या दाराशी पाणी माझ्या छातीला लागत होतं.

आत भाऊ शिडीवर होते. माळा गच्च भरला होता, आता जागा उरली नव्हती. वरच्या फळ्यांतली पुस्तकं त्यांनी अंगावर घेतली होती. दोन्ही बगलांत, गुडघ्यांत, सदऱ्याच्या आत पोटाशी. हनुवटीखाली एक. शिडी पाण्यात हलत होती. चेहरा पांढराफटक पडला होता. पाणी अजून चढत होतं, आणि माळ्याच्या फळकुटांना ते लागायला दोन हातच अंतर होतं.

"उतर," मासीबाई म्हणाली.

"तुमी जा. मी हे सोडून नाई येत."

"हे आमी नेतो. तू उतर."

"कुठी नेतान?"

"घरी. वर."

भाऊंनी हनुवटीखालचं पुस्तक आणखी घट्ट दाबलं. कुठून तरी एक ओंडका येऊन बाहेरच्या भिंतीवर आदळला आणि टिनं थरथरली.

"त्या दिवशी घरी नेऊ नको म्हणला तू," मासीबाई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. वेळ नाही, एवढंच त्यात होतं. "आता ने म्हण. तू म्हणल्याशिवाय नेत नाई मी."

मला आजही तो क्षण दिसतो. त्या बाईनं सरळ पुस्तकं उचलली असती तर तिला कोण अडवणार होतं? पण ती कमरेच्या वरपर्यंत पाण्यात, दोन्ही हात पुढं करून थांबली होती. भाऊंनी हनुवटी उचलली. तिथलं पुस्तक खाली पडलं आणि तिनं ते वरच्यावर झेललं.

"न्या," भाऊ म्हणाले. "सगळी न्या."

मग आम्ही रांग केली. दारापासून शाळेच्या ओट्यापर्यंत दोर धरून माणूस माणसाला लागून. मोहफुलं वेचायच्या टोपल्या डोक्यावरून पुढं पुढं सरकत होत्या, त्यात पुस्तकं. दुकानदार आले, जवान आले, आमचे डॉक्टर आले. ताराबाई ओट्यावर उभ्या राहून टोपल्या उतरवून घेत होत्या. दुपारपर्यंत माळा रिकामा झाला. पाठोपाठ भाऊंना दोराला बांधूनच आणलं, कारण त्यांचे पाय चालेनात. ते ओट्यावर पोचले, वळले आणि बघत उभे राहिले. टेकडीच्या पायवाटेनं बायामाणसं डोक्यावर टोपल्या घेऊन चढत होती. छपराच्या टिनांपैकी दोन तेवढ्यात पाण्यात वाहून जाताना दिसली.

भाऊंना न्यूमोनिया झाला. आठ दिवस दवाखान्यात होते. रोज एकच प्रश्न विचारायचे, "वर पाऊस कितीक हाये?" ताप उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पुस्तकांच्या यादीची वही घेऊन टेकडी चढायला निघाले. मी म्हटलं, चार दिवस थांबा. ते म्हणाले, "चार दिवसांत उदई अर्धं पुस्तक खाते." म्हणून मी सोबत गेले. दम लागला तर धरायला कुणी तरी हवं होतं.

पहिलंच घर मासीबाईचं. आत अंधार, मधोमध चूल. भाऊंनी विचारलं, पुस्तकं कुठी? तिनं वर बोट दाखवलं. चुलीच्या वर, धुरात, वाशांना शिंकी बांधली होती. त्यांत पुढच्या वर्षीच्या बियाण्याची मक्याची कणसं लटकत होती. आणि कणसांच्या शेजारी, सालीच्या दोरांनी नीट बांधलेले, पुस्तकांचे गठ्ठे.

"धुरात उदई लागत नाई," मासीबाई म्हणाली. "बियाणं असंच ठेवतो आमी."

भाऊंनी एक गठ्ठा काढून उघडला. पानं कोरडी खडखडीत. त्यांनी वास घेतला, धुराचा वास येत होता. त्यांच्या सगळ्या आयुष्यात कडुलिंबाच्या पाल्यानं जे जमलं नव्हतं, ते या घरात रोज होत होतं. समोरच्या कुडावर, बांबूच्या खिळ्याला, कॅलेंडरवरचा जर्मन म्हातारा टांगलेला होता. थोडा फुगलेला, पण शाबूत. "हा राहू दे इथं," मासीबाई म्हणाली. "लेकरं हसतात त्याले पाहून." भाऊंनी मान हलवली.

सगळं काही असं गोड नव्हतं. एका घरात शेळीनं कवितांचं पुस्तक अर्धं खाल्लं होतं. एका म्हाताऱ्यानं शब्दकोशाचं एक पान विडीला वापरलं होतं. 'ब' अक्षरातलं. भाऊ त्याच्यावर इतके ओरडले की त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि मग त्याच म्हाताऱ्यानं त्यांना पाणी पाजलं. पण पंधरा दिवसांत वहीतली जवळजवळ सगळी नावं लागली. एक राहिलं. मधमाश्यांवरचं एक जाड पुस्तक होतं, चित्रांचं. ते रुखीनं नेलं होतं, आणि रुखी बाळाला घेऊन माहेरी गेली होती. माहेर जंगलात दिवसभराच्या चालीवर.

"येईल तेव्हा आणेल," मी म्हणाले.

"मी जातो," भाऊ म्हणाले.

ताराबाईंनी भाकरी बांधून दिल्या. ते गेले आणि दुसऱ्या दिवशी परतायचे ते पाचव्या दिवशी परतले. आम्ही काळजीत. ताराबाई तर पोलीस ठाण्यात जाऊन आल्या होत्या. भाऊ आले, घराच्या ओट्यावर बसले, पाय धुतले आणि सांगू लागले.

रुखीचं पुस्तक संपलं नव्हतं. ती रोज दुपारी थोडं थोडं वाचायची, आधी मराठीत मनात, मग आईबापाला आणि शेजाऱ्यांना माडियात मोठ्यानं. शेवटचे तीन भाग राहिले होते. भाऊ दारात उभे राहिले तेव्हा तिनं पुस्तक लगेच बंद करून पुढं केलं. आजूबाजूला बसलेले सगळे भाऊंकडे बघू लागले.

"मंग?" ताराबाईंनी विचारलं.

"मंग काय? म्हणलं, वाच. पुरं होऊ दे. मी थांबतो."

तीन दिवस ते त्या पडवीत बसून राहिले. बसून, हे ते स्वतःच आवर्जून सांगत होते. तीस वर्षं या भागात काढूनही माडिया त्यांना अर्धीच समजायची. पण पुस्तक त्यांना पाठ होतं. "चार वेळा वाचलं हाये मी ते पुस्तक, सिस्टर," ते म्हणाले. "राणी माशी कशी निवडतात, ते वाचलं तिनं, तर सारे लोक पोट धरून हसले. मी चार वेळा वाचून मले तिथी कदी हसू नाई आलं. एक म्हातारा उठला अन् म्हणाला, हे लिहिणारा कदी पोळं काढाले गेला नाई. अन् कुठी चुकलं ते सांगितलं त्यानं. मी लिहून आणलं." सदऱ्याच्या खिशातून त्यांनी कागद काढून दाखवला. नंतर तो कागद त्यांनी त्या पुस्तकातच चिकटवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दारावरची पाटी काढली.

नवी व्यवस्था त्यांनी त्या हिवाळ्यात ठरवली. दर वर्षी मिरगाच्या आधी वाचनालय रिकामं करायचं. सगळी पुस्तकं टेकडीवरच्या आणि आतल्या उंच गावांतल्या घरी द्यायची, चार महिने तिथंच ठेवायची, धुरात. दिवाळीला परत. कोणत्या घरी काय, हे वहीत. पण अट एकच : शिंक्यात बांधून ठेवायचं नाही, खाली काढून वाचायचं. ज्या घरात वाचणारं कोणी नाही, त्या घरात वाचणाऱ्यानं जायचं. रुखीकडे त्यांनी तीन घरं दिली.

चिटणीससाहेब ऐकून हादरलेच. मुद्दाम गाडी काढून आले. "निकुरे, अख्खं वाचनालय जंगलात वाटून टाकायचं? हे नियमात बसत नाही."

"नियमात पूर बी बसत नाई, साहेब. तो येते."

"आणि नाही आली परत तर? जबाबदार कोण?"

"मी. लिहून घ्या."

"तुम्हीच पाटी लावली होती ना, घरी मिळणार नाही म्हणून?"

"होय. मीच लावली. चुकलो." भाऊंनी हे सरळच सांगितलं. "तुमी किल्ली परत मागा, मी देतो. पण पुस्तकं मी आणलेली हायेत, अन् ती पावसाळ्यात इथी राहणार नाईत. दुसरी गोष्ट बोला."

साहेबांनी किल्ली मागितली नाही. परवानगीही दिली नाही. भाऊंनी ती मागितलीही नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तो सोहळा तीन वर्षं बघितला. दोन्ही बाजूंनी टोपल्या घेऊन आलेली माणसं, हात धुवायला रांग, भाऊ शिडीवर, आणि खाली एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाणारी पुस्तकं. कोणतं पुस्तक कोणाला, यावर भांडणं व्हायची. ती भांडणं ऐकताना भाऊंचा चेहरा बघण्यासारखा असायचा. नंतर चार महिने ते रिकाम्या फळ्यांच्या खोलीत, वही उघडून, दुपारभर बसायचे. मी विचारलं, करमतं का? म्हणाले, "सकाळी एका गावात जाऊन येतो. काय वाचून राह्यले ते पाहतो. शाळेत होतो तवा इतका हिंडलो नाई."

मग माझी बदली राजुऱ्याला झाली. पत्रं यायची भाऊंची, पोस्टकार्डावर. अक्षर हळूहळू मोठं होत गेलं, ओळी तिरप्या होऊ लागल्या. मोतीबिंदू. मुलगा वसंता चंद्रपुरात असतो. तो न्यायला आला की हे म्हणायचे, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली की म्हणायचे, मोजणी होऊ दे. शेवटी ताराबाईंनीच बॅग भरून त्यांना एसटीत बसवलं.

त्यानंतरच्या जूनमध्ये एका सकाळी मी चंद्रपूरच्या बसस्थानकावर राजुऱ्याची गाडी शोधत होते. अहेरीकडे जाणारी गाडी सुटायच्या बेतात होती. तिच्या एका खिडकीत काळा, रुंद चष्मा घातलेले भाऊ बसले होते. खाली वसंता उभा, घामानं थबथबलेला. "बाबा, आपरेशन होऊन बारा दिवस नाई झाले. डॉक्टर म्हणले, महिनाभर धूळ नाई, वाचन नाई, उचलणं नाई."

"मी कायले उचलतो? उचलणारे हायेत तिथी."

"अन् पूल बुडाला तर?"

"पाऊस लागाच्या आत पोचतो. म्हून तर आज चाललो."

वसंतानं माझ्याकडे बघून हात जोडले. मी खिडकीशी गेले, ओळख सांगितली. भाऊंनी आवाजावरून ओळखलं, हात बाहेर काढून माझा हात धरला. "सिस्टर, औंदा अकरा गावं हायेत," ते म्हणाले. "रुखी एकटी कशी पुरन?" त्यांच्या मांडीवर एक नवं कोरं पुस्तक होतं, कुणीतरी भेट दिलेलं. पानांवरून ते अंगठा फिरवत होते, पण डोळे त्यांनी खरंच वर ठेवले होते. डॉक्टरांचं तेवढं ऐकत होते.

गाडीचं इंजिन सुरू झालं. शेजारच्या सीटवर एक कोंबड्यांचा व्यापारी येऊन बसला. पायाशी झाकलेली टोपली, आत कलकलाट. भाऊ त्याच्याकडे वळले.

"वाचता येते का जी?"

"मले?" तो दचकला. "येते. पण लय सावकाश."

"आलापल्लीपर्यंत वेळच वेळ हाये." भाऊंनी त्याच्या हातात पुस्तक ठेवलं.

गाडी हलली. तो माणूस बोट ठेवून, एकेक शब्द उच्चारत, पहिली ओळ वाचू लागला. कोंबड्या ओरडत होत्या म्हणून त्याला आवाज चढवावा लागला. मागच्या सीटवरच्या दोन बाया पुढं वाकल्या. भाऊंनी कान त्याच्याकडे केला, काळ्या चष्म्याखाली ओठ किंचित उघडले होते. गाडी फाटकातून वळली तेव्हा त्यांनी हात वर करून कंडक्टरला, तिकिटासाठी जरा थांब, अशी खूण केली. पान संपायचं होतं.